आयत्या पिठावरच्या रेघोट्या नव्हेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या क्रीडा पानावर मोठ्या फुटबॉल प्रशिक्षकांची लेखमाला सुरू आहे. ती मी पहिल्या भागापासून वाचते, कात्रणंही जपून ठेवते. गेल्या रविवारी स्पेनच्या व्हिसेन्ते देल बोस्के यांची पाळी होती. लेख बाकी चांगला होता, पण शेवटी लेखकाने निवाडा देऊन टाकला की संघ आधीचे प्रशिक्षक लुईस आरागोनेस यांनी घडवला, खेळाडू बार्सिलोना क्लबने पुरवले आणि देल बोस्के यांनी आयत्या पिठावर रेघोट्या मारल्या. हे वाक्य मला फार लागलं. चार दिवस मनात घोळत राहिलं, म्हणून शेवटी लिहायला बसले. पत्र लांबलं आहे, याची जाणीव आहे. काटछाट करावीच लागली तर सुरुवातीची करा, पण २०१० च्या विश्वविजेत्या संघाबद्दलचा मजकूर पूर्ण छापा, एवढी विनंती.

मी स्पॅनिश शिकवते. २००९-१० हे शैक्षणिक वर्ष मी देल बोस्के यांच्या जन्मगावी, सालामांकात काढलं. १२१८ साली स्थापन झालेल्या तिथल्या विद्यापीठामुळे जगभरची मुलं स्पॅनिश शिकायला त्या गावात येतात. जुनं शहर सोनेरी दगडाचं आहे. संध्याकाळचं ऊन पडलं की भिंती आतून पेटल्यासारख्या दिसतात. माझी खोली मात्र तिथे नव्हती. परवडणारी खोली मिळाली ती गारिदो नावाच्या वस्तीत. साध्या कामकरी लोकांची वस्ती, एकाला एक लागून उभ्या असलेल्या इमारती, खिडक्यांबाहेर वाळत घातलेले कपडे. घरमालकीण सत्तरी ओलांडलेल्या होत्या. त्यांचे यजमान रेल्वेत नोकरी करून निवृत्त झाले आणि मी जाण्याच्या दोन-तीन वर्षं आधी वारले. मी त्यांना सेन्योरा म्हणायचे आणि त्या मला ‘ईखा’, म्हणजे पोरी.

देल बोस्के याच गारिदोतले. त्यांचा जन्म २३ डिसेंबर १९५० चा. वडील रेल्वेत कारकून होते. यादवी युद्धात प्रजासत्ताकाच्या बाजूचे म्हणून त्यांनी कैद भोगली होती. सेन्योरा त्यांचा उल्लेख कधी नावाने करायच्या नाहीत. ‘रेल्वेवाल्याचा मुलगा’ म्हणायच्या. ज्या घरात वडील एकदा आत जाऊन आले आहेत, त्या घरातली मुलं आवाज चढवत नाहीत, हे त्यांचं मत. ते खरं की खोटं मी सांगू शकत नाही, पण हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत वाढलेल्या बाईने केलेलं निरीक्षण आहे आणि ते मी विसरलेले नाही.

१६ जून २०१०. दुपारी चारला दर्बानमध्ये स्पेनचा विश्वचषकातला पहिला सामना होता, स्वित्झर्लंडशी. सेन्योरा स्वयंपाकघरात इस्त्री करत होत्या, छोटा टीव्ही फ्रीजवर ठेवलेला. स्पेन पात्रता फेरीतले दहाच्या दहा सामने जिंकून आला होता. हरण्याचा विचार कुणाच्या मनातही नव्हता. मध्यंतरानंतर सात-आठ मिनिटांत स्वित्झर्लंडच्या गेल्सन फर्नांदेसने धडपडत, घुसळणीतून गोल केला. सेन्योरांनी इस्त्री उभी करून ठेवली. पुढची चाळीस मिनिटं ती तशीच उभी होती, वाफ सोडत. स्पेनने जंग जंग पछाडलं, चाबी अलोन्सोचा फटका आडव्या दांड्यावर आदळला, पण गोल काही झाला नाही. सामना संपला, कॅमेरा देल बोस्के यांच्यावर गेला. जाड मिशी, झुकलेले खांदे, चेहऱ्यावर काही नाही. मी म्हटलं, ‘‘सेन्योरा, यांना राग कसा येत नाही?’’ त्या म्हणाल्या, ‘‘गाडी उशिरा आली म्हणून स्टेशनमास्तर रुळावर उडी मारत नाही, पोरी. पुढच्या गाडीला सिग्नल कोण देणार मग?’’

आणि उरलेले शर्ट इस्त्री करायला घेतले.

त्यानंतरचे चार-पाच दिवस मी स्पॅनिश वर्तमानपत्रं वाचत होते. तेव्हा भाषेचा अभ्यास म्हणून रोज वाचायचे. टीकेचा रोख एकाच गोष्टीवर होता. मधल्या फळीत बुस्केत्स आणि चाबी अलोन्सो असे दोन-दोन बचावाकडे झुकणारे खेळाडू कशाला? एक कमी करा, दोन वर्षांपूर्वी युरो, म्हणजे युरोपातल्या देशांची स्पर्धा, जिंकताना जसे खेळलो तसे खेळा. म्हणजे, संपादक महोदय, सगळा देश त्यांना ‘आयत्या पिठावर रेघोट्या मारा’ असंच सांगत होता. देल बोस्के यांनी ऐकलं नाही. पुढच्या सामन्यात होंडुरासविरुद्ध त्यांनी बदल केले, दाविद सिल्वाला बसवलं, पण ते दोघे जागेवरच राहिले. आपण पुन्हा खेळाडू झालो तर बुस्केत्ससारखं व्हायला आवडेल, असं त्या दिवसांत त्यांनी जाहीरपणे सांगितलं. २१ वर्षांचा मुलगा. सगळीकडून त्याच्यावर बोट रोखलेलं. त्याला खोलीत बोलावून धीर देणं वेगळं आणि साऱ्या देशाला ऐकू जाईल असं बोलणं वेगळं.

आता मूळ मुद्दा. इंग्रजीचा प्रभाव असल्यामुळे आपण क्लबच्या प्रशिक्षकालाही कोच म्हणतो आणि देशाच्या संघाच्या प्रशिक्षकालाही कोच. स्पॅनिशमध्ये दोन शब्द आहेत. क्लबचा तो ‘एन्त्रेनादोर’, सराव करून घेणारा. देशाचा तो ‘सेलेक्सिओनादोर’, निवड करणारा. राष्ट्रीय प्रशिक्षकाच्या हाती खेळाडू वर्षातून मोजके दिवस लागतात, तो त्यांना चेंडू मारायला शिकवू शकत नाही. कुणाला घ्यायचं, कुणाला वगळायचं आणि एकत्र आलेल्यांना एकत्र कसं ठेवायचं, हेच त्याचं काम. तेव्हा देल बोस्के यांना मोजायचं तर याच मापाने मोजायला हवं.

मोजून पाहू. २९ जून २००८ ला व्हिएन्नात आरागोनेस यांच्या संघाने जर्मनीला १-० हरवून युरो जिंकला. ११ जुलै २०१० ला जोहान्सबर्गमध्ये देल बोस्के यांच्या संघाने नेदरलँड्सला १-० हरवून विश्वचषक जिंकला. दोन्ही अंतिम सामन्यांत सुरुवातीपासून खेळलेल्या ११ जणांची यादी शेजारी शेजारी ठेवा. कासियास, सर्खिओ रामोस, पुयोल, कापदेविला, चावी आणि इनिएस्ता, हे ६ सारखे आहेत. बाकी ५ वेगळे आहेत. मार्चेना, सेना, फाब्रेगास, सिल्वा, तोरेस यांच्या जागी पिके, बुस्केत्स, चाबी अलोन्सो, पेद्रो आणि विया. यातले विया आणि अलोन्सो आरागोनेस यांच्याकडेही होते, हे मान्य. विया २००८ ला दुखापतीमुळे अंतिम सामना खेळू शकला नव्हता. पण पिके आणि बुस्केत्स यांना स्पेनचा शर्ट पहिल्यांदा दिला तो देल बोस्के यांनी, २००९ मध्ये. पेद्रोला दिला विश्वचषकाच्या जेमतेम दोन आठवडे आधी. आणि बुस्केत्स व पेद्रो हे दोघे २००७-०८ च्या मोसमात कुठे खेळत होते? बार्सिलोनाच्या राखीव संघातून स्पेनच्या चौथ्या श्रेणीत. त्या श्रेणीचं नाव ‘तिसरी’, पण तेव्हा ती खरी चौथी होती. तिथून दोन वर्षांत विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात. बार्सिलोनाच्या पहिल्या संघात त्यांना आणणारे पेप गार्दिओला, त्यांचं श्रेय त्यांना आहेच. पण क्लबात चमकलेला पोरगा देशाकडून लगेच खेळवायचा, तोही आधीच युरोप जिंकलेल्या संघातल्या कुणाला तरी उठवून, याला छाती लागते.

तोरेसचंच घ्या. २००८ च्या अंतिम सामन्यातला एकमेव गोल त्याचा, लोकांचा लाडका. एप्रिल २०१० मध्ये त्याच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झालेली, दक्षिण आफ्रिकेत त्याला सूर सापडत नव्हता. देल बोस्के यांनी त्याला सुरुवातीला संधी दिली. पोर्तुगालविरुद्ध ५८ व्या मिनिटाला बाहेर काढून उंचपुऱ्या फर्नांदो योरेंतेला आत पाठवलं, बचाव फळी त्याच्याकडे ओढली गेली आणि पाच मिनिटांत वियाने गोल केला. पाराग्वेविरुद्धही तोरेसला लवकर काढलं. जर्मनीविरुद्ध उपांत्य सामन्यात तर बाकावरच बसवलं आणि पेद्रोला उतरवलं. या सगळ्या दिवसांत तोरेसच्या तोंडून तक्रारीचा सूर माझ्या वाचनात आला नाही. हे आपोआप होत नाही.

सेन्योरांकडून मी जो शब्द शिकले तो इथे सांगायलाच हवा. आपल्याकडे सोप्या कामाला ‘डाव्या हातचा मळ’ म्हणतात. स्पॅनिशमध्ये डावा हात, ‘मानो इस्किएर्दा’, म्हणजे नेमकं उलट काहीतरी. माणसं न दुखावता हाताळण्याचं अवघड कसब. ज्याला ‘डावा हात आहे’ तो कुणाचा अपमान न करता नाही म्हणू शकतो. स्पेनमध्ये देल बोस्के यांच्याबद्दल बोलताना हा शब्द हमखास येतो. मला तो पहिल्यांदा नीट कळला पाराग्वेच्या सामन्यात. पाराग्वेच्या कार्दोसोची पेनल्टी आपल्या गोलरक्षकाने, कासियासने, अडवली. सामन्यानंतर कळलं की कार्दोसो कुठे मारतो हे त्याला पेपे रेइनाने आधी सांगून ठेवलं होतं. रेइना राखीव गोलरक्षक. लिव्हरपूलकडून तो नुकताच कार्दोसोच्या क्लबविरुद्ध खेळला होता. संपूर्ण स्पर्धेत एक मिनिटही मैदानावर न उतरलेला माणूस आपल्याच जागेवर खेळणाऱ्याला गुपित सांगतो, तेव्हा समजावं की त्या खोलीत हवा चांगली आहे. ती हवा कोणी राखली?

आणि तो अंतिम सामना. आपल्या लेखात इनिएस्ताच्या गोलाचं वर्णन फार सुंदर केलं आहे, पण तो गोल झाला कसा हे नाही. मी तो नंतर कितीदा तरी पाहिला आहे. वर्गात मुलांना ऐकण्याचा सराव म्हणून त्याचं स्पॅनिश धावतं वर्णन ऐकवते, त्यामुळे पाठच झालाय. ६० व्या मिनिटाला देल बोस्के यांनी पेद्रोला काढून हेसुस नावास याला आणलं. ८७ व्या मिनिटाला, ०-० असताना, चाबी अलोन्सोला काढून फाब्रेगास. म्हणजे ज्या दुहेरी बंदोबस्तासाठी साऱ्या देशाशी पंगा घेतला तो बंदोबस्त, आता गरज नाही म्हणताच, स्वतःच उकलला. १०६ व्या मिनिटाला वियाला काढून तोरेस. तोच तोरेस, ज्याला बसवलं होतं. ११६ व्या मिनिटाला नावास आपल्या अर्ध्यातून उजव्या कडेने सुटला. चेंडू इनिएस्ताच्या टाचेवरून फाब्रेगासकडे, फाब्रेगासकडून पुन्हा नावासकडे, तिथून डावीकडे तोरेसकडे. तोरेसचा क्रॉस डच बचावाने अर्धवट परतवला, तो पडला फाब्रेगासच्या पायात, आणि त्याने इनिएस्ताला दिला. नावास, फाब्रेगास, तोरेस. तिन्ही बदली खेळाडू एकाच गोलात. यालाही नशीब म्हणायचं असेल तर माझा नाइलाज आहे.

इनिएस्ताबद्दलही एक. ऑगस्ट २००९ मध्ये त्याचा मित्र दानी खार्के, एस्पान्योलचा कर्णधार, अकस्मात गेला आणि इनिएस्ता आतून कोसळला. शरीरही साथ देत नव्हतं. विश्वचषकाच्या तोंडावर सरावाच्या सामन्यात त्याला पुन्हा दुखापत झाली, होंडुरासविरुद्ध तो खेळू शकला नाही. तरी त्याची जागा राखून ठेवली गेली. गोल झाल्यावर त्याने शर्ट काढला, आत खार्केचं नाव लिहिलेलं होतं. सेन्योरा तेव्हा रडल्या. मीही रडले. खालच्या रस्त्यावर गाड्यांचे हॉर्न सुरू झाले ते पहाटेपर्यंत थांबले नाहीत.

दुसऱ्या दिवशी माद्रिदमधली मिरवणूक आम्ही टीव्हीवर पाहिली. उघड्या बसमध्ये खेळाडूंच्या गर्दीत देल बोस्के यांचा मुलगा होता. त्याला डाउन सिंड्रोम आहे. त्याच्या हातात विश्वचषक दिला आणि तो हसत होता. सेन्योरांची एक पुतणी तशीच होती, हे मला त्या दिवशी कळलं. वर्षभरात त्यांनी कधी सांगितलं नव्हतं.

आता थोडं मागे जाते, कारण देल बोस्के यांना ‘शांत स्वभावाचा सुदैवी माणूस’ म्हणणाऱ्यांना त्यांची खेळाडू म्हणून कारकीर्द ठाऊक नसते. आपल्या लेखात ती दीड ओळीत आटोपली आहे. ते पोरवयातच रेआल माद्रिदमध्ये गेले. आधी काही काळ इतर क्लबांकडे उधारीवर. १९७३ मध्ये कास्तेयोन या लहानशा क्लबकडून ते स्पॅनिश चषकाचा अंतिम सामना खेळले आणि अथलेटिक बिल्बाओकडून हरले. मग रेआलच्या मधल्या फळीत ११ वर्षं, १९८४ पर्यंत. ५ लीग विजेतेपदं, ४ चषक, देशासाठी १८ सामने. पळण्यात मंद, नजर मात्र लांबची. १९८१ ला युरोपियन चषकाच्या अंतिम सामन्यात लिव्हरपूलकडून १-० पराभव, तोही त्यांनी मैदानावर अनुभवला. स्वतः धावून सामना जिंकून देणारा हा खेळाडू नव्हता. इतरांना चेंडू वेळेवर पोचवणारा होता. पुढे बुस्केत्सवर त्यांचा जीव का जडला, याचं उत्तर इथे आहे असं मला वाटतं.

निवृत्तीनंतर ते रेआलच्याच तरुण मुलांकडे वळले. १९८७ ते १९९० राखीव संघ, कास्तिया, त्यांच्याकडे होता. नंतर सगळी युवा यंत्रणा त्यांनी सांभाळली. या यंत्रणेला स्पॅनिशमध्ये ‘कान्तेरा’ म्हणतात, शब्दशः दगडाची खाण. सालामांकाच्या माणसाला हा शब्द वेगळा समजावून सांगावा लागत नाही. त्या गावाचा सोनेरी दगड जवळच्या विय्यामायोरच्या खाणीतून येतो, काढला तेव्हा मऊ असतो आणि हवेत राहून कठीण होतो. दहा-बारा वर्षं देल बोस्के या खाणीत होते. मधल्या काळात पहिल्या संघाचा प्रशिक्षक काढला की काही दिवसांसाठी यांना वर बोलवायचं आणि नवा आला की परत खाली पाठवायचं, असं दोनदा झालं. ते दोन्ही वेळा निमूट परत गेले.

तिसऱ्यांदा बोलावणं आलं नोव्हेंबर १९९९ मध्ये, तेव्हाचे प्रशिक्षक टोशॅक यांना काढल्यावर. त्या मोसमात लीगमध्ये रेआल पाचवा आला, पण चँपियन्स लीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांची स्पर्धा, जिंकली. ओल्ड ट्रॅफर्डवर त्यांनी इव्हान एल्गेराला मध्ये घालून तीन मध्यवर्ती बचावपटूंची फळी केली आणि गतविजेत्या मँचेस्टर युनायटेडला त्यांच्याच घरात ३-२ हरवलं. अंतिम सामन्यात पॅरिसला वॅलेन्सिया ३-०. २००२ ला ग्लासगोत लेव्हरकुसेन २-१, झिदानच्या त्या गोलाने. त्या सामन्यात कासियास राखीव होता. देल बोस्के यांनीच त्याला बसवलं होतं. सेसारला दुखापत झाली म्हणून तो आत आला आणि शेवटच्या मिनिटांत एकापाठोपाठ एक फटके अडवले. आठ वर्षांनी विश्वचषक उचलणारा कर्णधार हाच. बसवलेल्या माणसाचा विश्वास टिकवणं हा त्यांचा जुना रियाज होता.

साडेतीन मोसमांत ७ विजेतेपदं. २२ जून २००३ च्या रविवारी अथलेटिकला ३-१ हरवून लीग जिंकली. सोमवारी कळलं की करार वाढणार नाही. क्लबच्या अध्यक्षांना अधिक आधुनिक पद्धतीचा माणूस हवा होता. कर्णधार हिएरोही त्याच वेळी गेला, काही आठवड्यांत माकेलेले विकला गेला, आणि रेआलला पुढचं लीग विजेतेपद थेट २००७ मध्ये मिळालं. आयता संघ मिळणंच पुरेसं असेल तर झिदान, फिगो, रोनाल्डो, राऊल आणि वर नव्याने आलेला बेकहॅम असा संघ देल बोस्के यांच्यानंतर आलेल्यांना आयता मिळाला होता. पीठ तेच होतं. मग काय झालं, हे आपल्या लेखकाने सांगावं.

मध्ये तुर्कस्तानात बेशिक्ताशकडे त्यांचं जमलं नाही, सहा-सात महिन्यांत परत आले.

त्यांच्या चुका मी झाकणार नाही. २०१२ ला युरो जिंकला, अंतिम सामन्यात तर सुरुवातीला चक्क आघाडीवीर न घेता, फाब्रेगासला पुढे खेळवून, इटलीला ४-० असं धुतलं. त्या यशाने त्यांचे हात बांधले गेले असं मला वाटतं. २०१४ ला ब्राझीलमध्ये जुन्या शिलेदारांना बाजूला करणं त्यांच्याने झालं नाही. नेदरलँड्सकडून १-५, मग पिके आणि चावीला बसवूनही चिलीकडून ०-२, दोन सामन्यांत विश्वविजेते बाहेर. १८ जूनचा तो दिवस. त्याच दिवशी राजे हुआन कार्लोस यांनी आपल्या पदत्यागाच्या कायद्यावर सही केली. २०११ मध्ये देल बोस्के यांना मार्केस, म्हणजे सरदारकी, दिली ती याच राजांनी. मी सेन्योरांना फोन केला तर त्या म्हणाल्या, ‘‘डावा हात फार वापरला की उजव्यातली ताकद जाते.’’ माझंही मत तेच आहे. ज्या हळुवारपणाने २०१० ला संघ बांधला त्याच हळुवारपणाने २०१४ ला तो वेळेवर मोडता आला नाही. २०१६ च्या युरोत इटलीकडून ०-२ हरल्यावर ते बाजूला झाले. यावर टीका करा, मी पहिली मान डोलवीन. पण ही टीका माणसं जपण्याच्या चुकीवर आहे. आयत्या पिठाचा तिच्याशी काही संबंध नाही.

आणखी एक नोंद आपल्या लेखातून राहून गेली आहे. विश्वचषक, युरो आणि चँपियन्स लीग, या तिन्ही स्पर्धा प्रशिक्षक म्हणून जिंकणारा दुसरा माणूस आजवर झालेला नाही. आणि २०२४ मध्ये स्पॅनिश फुटबॉल महासंघाची घडी पार विस्कटली, तेव्हा देखरेखीसाठी सरकारने जी समिती नेमली तिच्या प्रमुखपदी त्र्याहत्तर वर्षांच्या देल बोस्के यांनाच बोलावलं. घर विस्कटलं की ज्याला हाक मारतात, तो माणूस रेघोट्या मारणारा नसतो.

आरागोनेस यांच्याबद्दल मला नितांत आदर आहे. राऊलसारख्या देशाच्या लाडक्याला वगळून त्यांनी लहान चणीच्या मुलांवर संघ उभा केला आणि त्यासाठी रस्त्यावरच्या शिव्या खाल्ल्या. पुढच्या रविवारी त्यांच्यावरचा भाग आहे, असं चौकटीत छापलं आहे. तो मी आनंदाने वाचेन. फक्त एकाला मोठं करताना दुसऱ्याला फुकटचा म्हणू नये. त्या दोघांनी एकाच संघाला एकामागून एक हात लावला आणि दोघांच्याही हातांचे ठसे त्यावर आहेत.

शेवटी भाषाशिक्षिका म्हणून एक दुरुस्ती. लेखात चार ठिकाणी ‘डेल बॉस्क’ छापलं आहे. उच्चार देल बोस्के असा आहे. ‘बोस्के’ म्हणजे रान. निदान नाव तेवढं पुढच्या अंकात दुरुस्त करून छापावं.

कळावे.

आपली नियमित वाचक,
एक स्पॅनिश शिक्षिका